काटा काय सांगतो?



गेल्या महिन्यात आमची थोरली बहीण मुलीला घेऊन चार दिवसांसाठी वाशिमला आली होती. बहीण मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर यांवर घर चालायचे, आणि पावसाने दगा दिला की तेही चालायचे नाही. भाऊजी उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातात. अशा घरातल्या मुलीने बारावी शास्त्र शाखेत चांगले गुण मिळवले आणि वैमानिक होण्याचा हट्ट धरला, तेव्हा गावात व्हायची ती चर्चा झालीच. "पोरीले इमान चालवाले धाडता, मंग तिच्यासंगं लगन कोन करन?" असे भाऊजींना तोंडावर विचारणारेही निघाले. भाऊजींनी कोणाचेही ऐकले नाही. थोडे कर्ज काढले, थोडी मदत आम्ही आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून केली, आणि मुलगी मोठ्या शहरात जाऊन क्लासला बसू लागली.

वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर विमान उडवता येऊन भागत नाही. त्याआधी आणि त्याबरोबर लेखी परीक्षा द्याव्या लागतात. त्यात हवाई मार्गदर्शन, म्हणजे एअर नेव्हिगेशन, हा विषय भल्याभल्यांना घाम फोडतो. उत्तीर्ण व्हायला शंभरापैकी ७० गुण लागतात. आमच्या भाचीला ६४ मिळाले.

सहा गुण कमी पडले, पण तेवढ्याने पोरगी पार खचून गेली. आल्या दिवसापासून ती जेवत नव्हती की धड बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिला गच्चीवर घेऊन गेलो. आई तिथेच सतरंजीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. आकाशातून पूर्वेकडे जाणाऱ्या एका विमानाचा दिवा लुकलुकत होता. तो पाहून पोरगी म्हणाली, "मामा, मी आता परत जात नाही. माझ्या डोक्यात ते शिरतच नाही."

"काय शिरत नाही?" आम्ही विचारले.

"इंडिकेटेड एअरस्पीड आणि ट्रू एअरस्पीड. विमानाच्या काट्यावरचा वेग एक असतो आणि खरा वेग वेगळाच असतो. सूत्र पाठ आहे, व्याख्या पाठ आहे. प्रश्न जरा फिरवून विचारला की मला काही सुचत नाही. क्लासमध्ये विचारले तर म्हणतात, पाठ कर, पर्यायी प्रश्न असतात, समजून काय करायचे आहे!"

तिने व्याख्या घडाघडा म्हणूनही दाखवली. एक शब्द चुकला नाही. पण काट्यावर १०० दिसत असताना विमानाचा खरा वेग ११६ कसा असू शकतो, हे काही तिला सांगता येईना. आमचीही तीच गत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जन्म गेला टिपणी लिहिण्यात आणि नोंदवह्या जुळवण्यात. विमानात तर आम्ही आजवर पायही ठेवलेला नाही.

तेवढ्यात बहिणीने भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, "अवं माय, काटा लबाड बोलते, त मंग त्याले इमानात ठेवला काहून?"

बहीण चौथीपर्यंत शिकलेली. पण तिच्या या प्रश्नाचे उत्तर ना पोरीजवळ होते, ना आमच्याजवळ. त्या रात्री आम्ही भाचीची पुस्तके उशाशी घेतली. रात्रभर जागलो. जे उमगले ते तिला सांगितले, आणि तेच आज आपणासमोर मांडत आहोत. ज्यांच्या घरात शिकणारे मूल आहे त्यांनी हा मजकूर एकदा वाचून पाहावा, एवढीच विनंती.

पहिली गोष्ट अशी की मोटारसायकलचा काटा चाकाचे फेरे मोजतो. चाक रस्त्याला टेकलेले असते, त्यामुळे फेरे मोजले की वेग कळला. विमान हवेत असते, तिथे टेकायला रस्ता नाही. मग वेग मोजायचा कसा? याचे उत्तर विमानाच्याही फार आधी एका फ्रेंच अभियंत्याने शोधून ठेवले होते. त्याचे नाव हेन्री पितो. १७३२ साली त्याने पॅरिसमधल्या सीन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी एक वाकडी नळी पाण्यात सोडली. नळीचे तोंड प्रवाहाच्या समोर धरले की पाणी नळीत वर चढते. प्रवाह जितका जोराचा, तितके पाणी अधिक चढते. आजही विमानाच्या नाकाजवळ किंवा पंखाखाली जी लहानशी नळी पुढे तोंड करून बसवलेली असते, तिला पितो नळीच म्हणतात.

ही नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते. विमानाच्या अंगावर दुसरीकडे एक बारीक भोक असते, ते आसपासच्या स्थिर हवेचा दाब घेते. दोन्ही दाबांतला फरक एका डबीत पोहोचतो, डबी फुगते किंवा आक्रसते आणि काटा हलतो. नव्या विमानांत डबीच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, पण तत्त्व तेच राहिले. म्हणजे वेगाचा काटा खरे पाहता वेग मोजतच नाही. तो मोजतो हवेचा धक्का. त्या धक्क्यावरून वेग किती असावा, हे तो तबकडीवर दाखवतो.

हा धक्का कशावर अवलंबून असतो? दोन गोष्टींवर. एक आपला वेग, दुसरी हवेची दाटी. आपल्यापैकी पुष्कळांनी पैनगंगा पायी ओलांडली असेल. काठावरून आपण ज्या चालीने चालतो, त्याच चालीने गुडघाभर पाण्यातून चालायला जा, पाणी पायाला मागे रेटते. चाल तीच, पण पाणी हवेहून कितीतरी दाट, म्हणून धक्का मोठा. हवेचेही तसेच आहे. जमिनीजवळ हवा दाट असते, वर जावे तशी ती विरळ होत जाते. विरळ हवेत तेवढ्याच वेगाने गेले तर नळीवर धक्का कमी बसतो आणि काटा कमी वेग दाखवतो. काट्यात बिघाड नसतो. विमानही हळू झालेले नसते. हवाच पातळ झालेली असते.

इथपर्यंत आल्यावर आम्हाला आमचे वाणिज्य आठवले. आम्हा नोकरदारांना महागाई भत्ता मिळतो तो ग्राहक किंमत निर्देशांकावरून. निर्देशांकाला एक पायाभूत वर्ष असते. त्या वर्षाचे भाव १०० धरायचे आणि पुढचे सगळे त्या मानाने मोजायचे. पायाभूत वर्षातल्या शंभर रुपयांत आणि आजच्या शंभर रुपयांत काय फरक पडला, हे गृहिणीला सांगावे लागत नाही. म्हणून जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवायचा तर आधी निर्देशांकाने दुरुस्ती करावी लागते. विमानाच्या काट्यालाही असेच एक पायाभूत वर्ष असते, पण ते कॅलेंडरवरचे नाही. समुद्रसपाटी, १५ अंश सेल्सिअस तापमान आणि एका घनमीटरला १.२२५ किलो भरणारी हवा, हा त्या काट्याचा पाया. तबकडीवरचे आकडे या हवेसाठी आखलेले असतात. हवा तशीच असेल तर दाखवलेला वेग आणि खरा वेग एकच. हवा बदलली की दुरुस्ती करावी लागते.

ही दुरुस्ती किती, तेही पाहू. हवेचा धक्का वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. आता ४०,००० फुटांवर हवेची दाटी समुद्रसपाटीच्या साधारण चौथाई राहते. तिथे तोच धक्का बसायचा तर वेग दुप्पट हवा. म्हणजे निव्वळ दाटीचा विचार केला तर त्या उंचीवर खरा वेग काट्याच्या दुपटीच्या आसपास जातो. १०,००० फुटांवर तो सुमारे १६ टक्क्यांनी जास्त, २०,००० फुटांवर सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त. वैमानिक तोंडी हिशेबासाठी दर हजार फुटांना दोन टक्के असा ढोबळ आडाखा धरतात. खालच्या उंचीवर हा आडाखा थोडा जास्त आकडा देतो, हेही लक्षात ठेवावे. भाचीचा १०० आणि ११६ नॉटचा प्रश्न इथे सुटला. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

त्या संध्याकाळी गच्चीवरून दिसलेल्या विमानासारखी मोठी प्रवासी विमाने ३५,००० फुटांच्या आसपास उडतात. अशा विमानाच्या काट्यावर २७० नॉट, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर दिसत असतील, तर त्याचा खरा वेग ४६० नॉटच्या जवळपास, म्हणजे ताशी ८५० किलोमीटर असतो. इतक्या वेगाला नळीच्या तोंडाशी हवा दाबली जाते, त्याची वेगळी दुरुस्ती या हिशेबात धरलेली आहे. शिवाय नळी कुठे बसवली आहे आणि यंत्र कसे आहे, यामुळेही थोडा फरक पडतो. तो विमानाच्या पुस्तिकेतल्या कोष्टकावरून आधी काढून टाकायचा असतो. म्हणजे काट्यापासून खऱ्या वेगापर्यंत पायऱ्या आहेत. एकेक पायरी चढले तर कोणी पडत नाही. क्लासवाले सगळ्या पायऱ्या एका सूत्रात बांधून हातात देतात, म्हणून पोरे घसरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हे सारे बहिणीला चहा पिता पिता सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. "मंग खरा आकडा दाखोनारा काटाच काहून नाही बसवत?"

वाचकहो, खरी गंमत पुढेच आहे. खरा वेग हिशेबाने काढून दाखवणारी यंत्रे मोठ्या विमानांत असतात. तरीही विमान उतरवताना, चढवताना वैमानिकाची नजर दाखवलेल्या वेगावरच असते. कारण विमानाचा पंख! पंखाला उचलून धरते ती हवाच, आणि पंखालाही नळीसारखाच हवेचा धक्का जाणवतो. हवा विरळ झाली की नळीला धक्का कमी, तसाच पंखालाही कमी. एखादे विमान तेवढ्याच वजनाला समुद्रसपाटीवर काट्यावरच्या ५० नॉटखाली तग धरत नसेल, तर दहा हजार फुटांवरही ते काट्यावरच्या ५० नॉटच्या आसपासच तग सोडते. खरा वेग मात्र तेव्हा ५८ नॉट असतो. याला वैमानिक स्टॉल म्हणतात. पंखाची उचल तुटते आणि विमान खाली बसते. वैमानिकाने खऱ्या वेगावर भरवसा ठेवला असता तर दर उंचीला त्याला वेगळा आकडा पाठ करावा लागला असता. काट्यामुळे एकच आकडा लक्षात ठेवून भागते.

म्हणजे "मी पडणार तर नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर दाखवलेला वेग देतो. "मी हवेतून किती जोरात चाललो आहे?" याचे उत्तर खरा वेग देतो. आणि "मी अकोल्याहून नागपूरला किती वाजता पोहोचणार, तेवढे इंधन आहे का?" याचे उत्तर या दोघांपैकी कोणाकडेच नाही. त्यासाठी तिसरा वेग लागतो, जमिनीच्या मानाने असलेला वेग. खऱ्या वेगात मागून येणारा वारा मिळवायचा, समोरून येणारा वजा करायचा. खरा वेग ११६ नॉट आणि समोरून वारा २० नॉट असेल, तर जमिनीवरून आपण ९६ नॉटनेच सरकतो. कोणी खरा वेग न काढता काट्यावरच्या १०० मधूनच वारा वजा केला तर उत्तर ८० येईल, आणि वेळेचा आणि इंधनाचा सगळा हिशेब चुकेल. भाचीने परीक्षेत नेमके हेच केले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर, निर्देशांकाची दुरुस्ती न करताच तिने वजाबाकी केली होती.

ही गोष्ट फक्त आभाळातली नाही, आपल्या वाशिमच्या उन्हाळ्यातलीही आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर, म्हणजे अठराशे फुटांच्या आसपास उंचीवर आहे. आपल्याकडे विमानतळ नाही, शेजारी अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे. पण कल्पना करा की मे महिन्यात दुपारी तीन वाजता पारा ४२ अंशांवर असताना वाशिमच्या एखाद्या माळावरून लहान विमान उडवायचे आहे. हवा तापली की ती फुगते आणि विरळ होते. त्या वेळी इथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी पातळ झालेली असते. काट्यावर ६० नॉट दिसतील तेव्हा खरा वेग ६५ नॉटच्या जवळ गेलेला असेल. एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण धावपट्टीची लांबी वेगाच्या वर्गाने वाढते. वेग आठ टक्के वाढला तर धावण्याचे अंतर सुमारे सतरा टक्के वाढते. शिवाय पातळ हवेत इंजिन आणि पंखा दोन्ही कमजोर पडतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही अधिक जागा लागते. हिवाळ्याच्या पहाटे जी पट्टी पुरली, ती मेच्या दुपारी अपुरी पडू शकते. ज्याने नुसते सूत्र पाठ केले त्याला हे कळते ते पट्टी संपल्यावर. म्हणून म्हणतो, समजून काय करायचे आहे, असे जे शिक्षक मुलांना सांगतात, त्यांनी एकदा त्या पट्टीच्या टोकाला उभे राहून पाहावे.

आता बहिणीच्या शंकेचा उरलेला भाग. काटा कधी खरोखर लबाडी करतो का? करतो, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजलेली आहे.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाता येथून बर्गनएअर कंपनीचे बोइंग ७५७ विमान उडाले. हे विमान त्याआधी कित्येक दिवस जमिनीवर उभे होते आणि पितो नळ्यांवर झाकणे घातलेली नव्हती. एका नळीत बहुधा कुंभारीण माशीने मातीचे घर केले असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष निघाला. आपल्या घरातल्या भिंतींवर, दाराच्या कोपऱ्यांत जी माशी चिखलाची घरटी करते, तिच्याच जातीची ही माशी. नळीचे तोंड बंद असल्याने आतला दाब कोंडून राहिला. विमान वर चढू लागले तसा बाहेरचा दाब कमी झाला आणि कप्तानाचा काटा वेग वाढतो आहे असे दाखवू लागला. स्वयंचलित यंत्रणा त्याच काट्याचे ऐकत होती. तिने वेग कमी करण्यासाठी नाक वर केले. विमान खरे तर हळू होत चालले होते. शेजारच्या वैमानिकाचा काटा बरोबर होता, पण गोंधळात त्याचा उपयोग झाला नाही. १८९ माणसे गेली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशाच्या एअरोपेरू कंपनीचे विमान समुद्रात कोसळले आणि ७० माणसे दगावली. विमान धुताना स्थिर हवेच्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहून गेली. ज्या कामगाराकडून ती राहिली त्याच्याकडे सारे बोट दाखवतात. पण त्याच्यावर देखरेख करणाऱ्याने आणि उड्डाणाआधी विमानाला फेरी मारणाऱ्या वैमानिकानेही ती पाहिली नाही, हे विसरून चालणार नाही. खालच्या माणसाच्या हातून चूक होते तेव्हा वरच्याची तपासणी कुठे होती, हा प्रश्न आम्ही कारकून मंडळी नेहमी विचारतो. तो इथेही विचारला पाहिजे.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान रिओहून पॅरिसला जात असताना अटलांटिक महासागरावर बर्फाच्या कणांनी त्याच्या पितो नळ्या तुंबल्या. वेगाचे आकडे काही काळ अविश्वसनीय झाले आणि स्वयंचलित यंत्रणा सुटली. नळ्या साधारण मिनिटभरात मोकळ्या झाल्या. पण तोवर वैमानिकाने नाक वर ओढले होते, विमान स्टॉलमध्ये गेले होते आणि शेवटपर्यंत त्यातून बाहेर निघाले नाही. २२८ जीव गेले. अशा वेळी करायचे काय, हे वैमानिकांना शिकवलेले असते. काट्यावर भरवसा उरला नाही तर विमानाचे नाक ठरलेल्या कोनात आणि इंजिन ठरलेल्या शक्तीवर ठेवायचे. त्या कोनाला आणि त्या शक्तीला विमान किती वेगाने जाते, हे आधीच माहीत असते. एक साक्षीदार फुटला तर बाकीच्या साक्षीदारांना विचारायचे, असा हा साधा नियम आहे.

आपल्या महाराष्ट्रानेही असा घाव सोसला आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि काही क्षणांतच वांद्र्यापलीकडे समुद्रात पडले. विमानातल्या सर्व २१३ जणांचा अंत झाला. तिथे वेगाचा काटा नव्हे, विमान किती कललेले आहे हे दाखवणारे उपकरण बिघडले होते. कप्तानाच्या समोरचे उपकरण विमान उजवीकडे कललेले दाखवत राहिले, प्रत्यक्षात ते सरळ झाले होते. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. कप्तानाने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवले. शेजारी दुसरी उपकरणे होती, पण ती ताडून पाहायला वेळ उरला नाही.

हे सारे ऐकून भाची बराच वेळ गप्प होती. आम्हाला वाटले, पोरगी घाबरली. पण ती म्हणाली, "मामा, हे अपघात आम्हाला शिकवलेत. तारखा आणि आकडे पाठ करून घेतलेत. पण पहिल्या अपघातात काटा वर जाताना का वाढला, हे मला आज कळले." मग तिने वही घेतली आणि आम्हालाच समजावून सांगू लागली. कोंडलेला दाब तेवढाच, बाहेरचा कमी, म्हणून फरक वाढला, म्हणून काटा चढला. आम्ही मुद्दाम एक उलटा प्रश्न टाकला. नळी बंद असताना विमान खाली उतरू लागले तर काय होईल? तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "काटा उतरेल. विमान जोरात खाली जात असले तरी काटा म्हणेल, हळू चालले आहे." हे वाक्य तिच्या पुस्तकात आम्हाला सापडले नव्हते. ते तिने स्वतः काढले होते.

वाचकहो, आमचे सांगणे थोडक्यात इतकेच आहे. आपली मुले आता बीए, बीकॉमपुरती थांबत नाहीत. अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली आणि तिथे वैमानिक प्रशिक्षणाची शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्येच जाहीर केले आहे. गोंदियाजवळ बिरसीला उड्डाणाचे शिक्षण दिले जाते. विमान आता आपल्या वऱ्हाडाच्या दारात आले आहे. त्यात आपली मुले बसतील, चालवतीलही. पण शेत गहाण ठेवून फी भरणाऱ्या आईबापांनी क्लासच्या जाहिरातीतले निकालाचे आकडे पाहून भुलू नये. दाखवलेला आकडा कोणत्या हवेत काढला आहे, हे विचारावे. किती मुले बसली, किती पहिल्याच वेळी सुटली, शंका विचारली तर शिक्षक उत्तर देतो की गप्प बसवतो, हे मुलांकडून काढून घ्यावे. आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर ६४ दिसले तर तेवढ्यावरून त्याची हुशारी ठरवू नये. तो आकडाही एक काटाच आहे. मुलाला एका दिवशी, एका पेपरात काय जमले, एवढेच तो सांगतो. मूल कोणत्या हवेतून उडत आले, याची दुरुस्ती त्यात कोणी केलेली नसते. ती घरच्यांनी करायची असते. मात्र परवान्याला ७० लागतात, ते ७० मिळवावेच लागतील. त्यात सूट मागू नये, मिळाली तरी घेऊ नये. विमानात बसणाऱ्यांचा जीव त्यावर असतो.

असो. चौथ्या दिवशी मायलेकी निघाल्या. आम्ही त्यांना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेलो. गाडी सुटताना पोरीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळवा वाऱ्यासमोर उभा धरला. आम्ही ओरडलो, "हात आत घे!" ती हसून म्हणाली, "मामा, धक्का मोजते हाये." बहिणीने तिचा हात ओढून आत घेतला.

परीक्षेचा अर्ज तिने पुन्हा भरला आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर फोनवर रोज एक गणित ती आम्हाला घालते, आणि खोटे कशाला सांगावे, आमची अर्धी चुकतात.